सणाचं अक्षर कसं निवडावं?

गणपतीपासून नाताळापर्यंत वसई स्टेशन ते विरार फाटा एकदा नुसतं बोर्ड वाचत फिरून या. फराळ, कंदील, मखर, सुकेळी, केक... काय वाट्टेल ते! पण त्यातले किती बोर्ड चालत्या रिक्षातून वाचता आले, ते मोजा. सर्किट बिघडलं की आपण मल्टिमीटर घेऊन बसतो. अक्षर बिघडलं की मात्र “डिझाईनवाल्याचं काम” म्हणून सोडून देतो. खरं तर हाही इंजिनिअरिंगचाच प्रॉब्लेम आहे. इनपुट ठरलेलं, अटी ठरलेल्या, टेस्टिंग मात्र कोणीच करत नाही.

या विषयाच्या नादी मी लागलो तो रूममेटच्या मावशीमुळे. विरार पूर्वेला त्या घरातूनच फराळाचा व्यवसाय करतात. एका दिवाळीला त्यांनी एका प्रेसमधून पाचशे स्टिकर छापून आणले. घरी आल्यावर बघतात तर ‘दिवाळी’तली वेलांटी ‘द’ला सोडून ‘व’च्या डोक्यावर जाऊन बसलेली, आणि ‘शुद्ध’मध्ये पाय मोडलेला द वेगळा, ध वेगळा! ऑर्डरी तोंडावर, पैसे देऊन झालेले. शेवटी रात्री जागून त्यांनी हाताने लिहिलेल्या पट्ट्या त्यावर चिकटवल्या. पुढच्या वर्षी त्यांनी लेबलचं काम आमच्यावर सोपवलं. त्या निमित्ताने जे शिकलो ते इथे मांडतो.

वेलांटी का पळते?

युनिकोडमध्ये ‘दि’ साठवताना आधी ‘द’ आणि मग वेलांटी असा क्रम असतो. वेलांटी डावीकडे नेऊन दाखवण्याचं काम सॉफ्टवेअर आणि फॉन्ट मिळून करतात. जुन्या सॉफ्टवेअरला हे जमत नाही, मग ते मिळेल त्या क्रमाने अक्षरं मांडतं. जोडाक्षरांचंही तसंच होतं. दुसरीकडे श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. तो फॉन्ट समोरच्या कॉम्प्युटरवर नसला की ‘चकली’ऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो!

उपाय सोपा आहे. प्रेसला फाईल देताना फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ द्या, किंवा कोरलमध्ये ‘कन्व्हर्ट टू कर्व्हज’ करा. मग अक्षर अक्षर राहत नाही, चित्र होतं आणि चित्राची वेलांटी पळत नाही. आणि छपाईआधी एक प्रूफ डोळ्यांनी बघाच.

नटवं अक्षर आणि वाचता येणारं अक्षर

सणाचा फॉन्ट म्हटलं की जाड, गोल, वळणदार अक्षर डोळ्यांसमोर येतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ हा त्याचा नमुना. नावाप्रमाणेच गुबगुबीत! अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा जवळजवळ रेघेएवढीच उरते. मोठ्या बॅनरवर तो झकास दिसतो. पण तोच बरणीच्या झाकणावर छोटा करून छापला, की शाई पसरते आणि ती रेघही बुजते.

देवनागरीत एक जास्तीची भानगड आहे. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक डोक्याजवळच्या एवढ्याशा फटीचा. ती बुजली की ‘भाजणी’ची ‘माजणी’ व्हायला वेळ लागत नाही. शिवाय मात्रा वर आणि उकार खाली, दोघांनाही जागा हवी. म्हणून १२ पॉइंटचं मराठी अक्षर बहुतेक वेळा १२ पॉइंटच्या इंग्रजीपेक्षा लहान वाटतं. (१ पॉइंट म्हणजे १/७२ इंच, हे ड्रॉइंगवाल्यांनी लक्षात ठेवावं.)

त्याच संस्थेचा ‘बलू’ गोलसर आहे, पण पोट मोकळं ठेवतो. त्याच्या भावंडांमध्ये गुजरातीही आहे, आणि आपल्या भागात गुजराती गिऱ्हाईक काही कमी नाही. ‘यात्रा वन’ हा फॉन्ट मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला. रोज विरार लोकलला लटकणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल! हे तिन्ही गुगल फॉन्ट्सवर ओपन फॉन्ट लायसन्सखाली फुकट मिळतात आणि धंद्यासाठी वापरता येतात. पेन ड्राईव्हवरून ‘कुणाकडून तरी’ आलेल्या फॉन्टबद्दल असं सांगता येत नाही, तेव्हा लायसन्स वाचा.

फॉन्टची व्हायवा

फॉन्ट निवडताना आपण नुसतं ‘शुभ दीपावली’ टाईप करून बघतो. ते म्हणजे सोपे प्रश्न विचारून पास करणं झालं! आम्ही हे वाक्य बनवलं: “शुद्ध तुपातली कडबोळी, चिरोटे, अनारसे, ट्रे हवा असणाऱ्यांनी ॲडव्हान्स द्यावा.” यात द्ध आहे, ळ आहे, ट्र आहे, ‘ऱ्या’तला आडवा र आहे आणि ॲ आहे. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्या जागी नुसता चौकोन दिसू शकतो. ल, श आणि ५, ८, ९ हे अंक मराठी वळणाचे आहेत का, तेही बघा.

मग खऱ्या मापाची काळी-पांढरी प्रिंट काढा आणि तिची झेरॉक्स काढा. ती हातभर अंतरावर धरून मेसच्या काकांना वाचायला द्या. ते अडखळले तर फॉन्ट नापास, काका नव्हेत! व्हॉट्सॲपच्या डीपीएवढी छोटी करूनही बघा, कारण आता निम्मं गिऱ्हाईक तिथूनच येतं.

बोर्डासाठी एक ठोकताळा आहे: दर १० फुटांना १ इंच उंचीचं अक्षर. रिक्षा ताशी २० किलोमीटरने जाते, म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच मीटर. बोर्ड ५० फुटांवरून, म्हणजे १५ मीटरवरून दिसायला लागला, तर वाचायला जेमतेम पावणेतीन सेकंद मिळतात आणि अक्षर ५ इंच उंच हवं. पावणेतीन सेकंदांत माणूस दुकानाचं नाव आणि माल वाचेल. ‘आमची कुठेही शाखा नाही’ वाचणार नाही.

नाव एक, सण अनेक

कमल शेडगे (निधन २०२०) यांनी मराठी नाटकांची नावं रेखाटली ती प्रत्येक नाटकाच्या स्वभावाप्रमाणे, वेगवेगळी. ते अक्षर त्या एका नावासाठीच जन्माला आलेलं असे. फॉन्ट मात्र तयार कपड्यांसारखा, आपल्या नावाला बसतो का ते घालून बघायला हवं.

आणि आपल्या वसईची गंमत म्हणजे इथे गणपती, दिवाळी आणि नाताळ एकाच दुकानात साजरे होतात. धंद्याच्या नावातच पणत्या लावून ठेवल्या, तर डिसेंबरात केकच्या खोक्यावर काय करणार? म्हणून नाव बारा महिने एकाच साध्या, ठसठशीत अक्षरात ठेवावं. सणाची ओळ तेवढी नटवी असावी, आणि सण संपला की बदलावी. मावशींच्या लेबलवर आम्ही नाव ‘बलू’त, ‘दिवाळी फराळ’ मोठं करून ‘मोदक’मध्ये, आणि पदार्थ, वजन, तारीख, १४ अंकी एफएसएसएआय नंबर हे सगळं साध्या ‘मुक्ता’त घातलं. त्यापलीकडे चौथा फॉन्ट नाही.

दुकानाच्या पाटीला तर कायदाही आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही व्यापाऱ्यांना पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली होती. म्हणजे पाटी लावायचीच आहे, तर ती वाचता येईल अशी का नको?

शेजारच्या नालासोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. ब्राह्मीतली साधी, सुटी अक्षरं. सव्वादोन हजार वर्षांनीही ती वाचता येतात. आपलं स्टिकर दिवाळीपुरतं टिकलं तरी पुरे, पण तेवढे दिवस ते नीट वाचता यायला हवं! तुमच्या ओळखीत कुणी घरगुती धंदा करत असेल, तर या सुट्टीत त्यांचं लेबल मागून घ्या आणि वर दिलेलं वाक्य त्या फॉन्टमध्ये टाईप करून बघा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि कुणाचे तरी पाचशे स्टिकर वाचतील.