नवा द्राक्षारस, नवा बुधला : वसतिगृहाच्या संगणकाचा पाठ

वाचन : मत्तय ९:१६-१७



आपण दिलेल्या जुन्या संगणकांवर वसतिगृहात उबुंटू लिनक्स चालते. कोणत्या मुलाला सिकलसेल आहे, कोणाला कोणती गोळी चालू आहे, ही नोंद पायथन भाषेतील एका छोट्या प्रोग्रामात असते. उबुंटू २०.०४ बरोबर पायथन ३.८ येते. त्या पायथनची दुरुस्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि त्या उबुंटूची नेहमीची दुरुस्ती मे २०२५ मध्ये थांबली. लेकरांच्या आजाराची माहिती अशा कुलूप मोडक्या पेटीत ठेवू नये.

मग जुने पायथन काढून नवे टाकावे, असे कोणालाही सुचेल. तसे मुळीच करू नका. उबुंटूची स्वतःची कितीतरी कामे त्याच पायथनवर चालतात. ते काढले तर पडद्यावरच्या खिडक्याही त्याबरोबर जाऊ शकतात. नुसते ‘पायथन३’ हे नाव नव्या आवृत्तीकडे वळवले, तरी टर्मिनल उघडेनासे झाल्याची उदाहरणे आहेत. (जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ म्हणतात ते हेच, दाखला फार न ताणता.)

सरळ वाट म्हणजे सगळे उबुंटूच बदलणे. २४.०४ बरोबर पायथन ३.१२ येते. पण २०.०४ वरून एकदम उडी घेता येत नाही, आधी २२.०४, मग २४.०४.

त्याआधी दोन कामे. नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. आणि प्रोग्राम वापरत असलेल्या लायब्ररींची यादी ‘पिप फ्रीझ’ने काढून ठेवा. प्रोग्रामची वेगळी खोली, म्हणजे ‘व्हेन्व्ह’, जुन्या पायथनला बांधलेली असते. ती उचलून नेता येत नाही. नवी बांधायची आणि यादीप्रमाणे सामान पुन्हा भरायचे. एखादी जुनी लायब्ररी ३.१२ वर चालत नाही. तिची नवी आवृत्ती शोधावी लागते, आणि बहुतेक वेळ तिथेच जातो.

हे काम दिवाळीच्या सुटीत, मुले पाड्यावर गेली असताना करावे. नंतर महिनाभर नोंद वहीतही लिहावी. मंडळीतील कोणाला लिनक्स येत असेल, तर त्या सुटीतले दोन दिवस आम्हांला द्यावेत.