सांगोल्याहून आंबोलीला पक्षी पाहायला जुलैत जावे का?

प्रश्न : आम्ही सांगोल्याचे. भर पावसातल्या जंगलात एक दिवस पक्षी पाहायचे आहेत. जुलैत आंबोलीला गेलो तर काही दिसेल का?

उत्तर : दिसेल कमी, ऐकू येईल भरपूर. तुमच्याकडे वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आंबोलीत सुमारे 7000. सर कोसळताना पक्षी पानाआड गप्प बसतात. उघडीप मिळताच पंख झटकत किडे टिपायला बाहेर येतात. ती वीस मिनिटे साधा. ओढ्याकाठी थांबा. शीळ कस्तूर पहाटे माणसासारखी शीळ घालतो, आणि हा त्याचा विणीचा काळ. रेनकोटच्या सळसळीत आवाज बुडतात, म्हणून छत्री बरी. जळवांसाठी लांब मोजे घाला. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका, कृपा करून. पिले सोडून पक्षी धावून येतात.

तिबोटी खंड्या पाहायचा असेल तर कोकणात उतरा. तो पावसाळ्यातच मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. बिळाजवळ मात्र जाऊ नका.

मनसोक्त पाहायचे असेल तर ऑक्टोबरनंतर जा. जुलैत तुमच्या माळावरच चातक आलेला असतो, विहिरीवरच्या बाभळीला सुगरणी खोपे विणत असतात. आधी तेच पाहा.