बाणाची पारख

कल्याण-डोंबिवलीच्या दाट वस्तीतून दक्षिणेकडे दृष्टी टाकली, तर मलंगगडाचे सुळके दिसतात. कल्याणहून पूर्वेस मुरबाडची वाट धरली, की घरांची गर्दी हळूहळू विरळ होते आणि सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते. मुरबाड व शहापूर या तालुक्यांत कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी इत्यादी आदिवासी जमातींचे पाडे डोंगराच्या कुशीत वसलेले आहेत. ठाणे शहराच्या अगदी लगत, येऊरच्या रानातही असे पाडे आहेत. या लोकांच्या झोपडीत कुडाला टेकवून ठेवलेला तीरकमठा एके काळी कोयत्याइतकाच नित्याचा होता.

तीरकमठा पाहिला, की नवख्या माणसाचे लक्ष आधी कमठ्याकडे, म्हणजे धनुष्याकडे जाते. तो वाकवून पाहावा, दोरी ताणून पाहावी, असे त्याला वाटते. जाणता मनुष्य मात्र आधी बाण हातात घेतो. धनुष्य एकच असते; त्यातून सुटणारे बाण दहा असतात. दहाही बाण एकसारखे नसतील, तर उत्तम नेमबाजाचे दहा नेम दहा ठिकाणी जातील; आणि आपला हात चुकला की बाण चुकला, हे त्याला कधीच उमगणार नाही!

पाड्यावरचा एखादा वृद्ध आपल्या नातवासाठी बाण निवडू लागला, म्हणजे त्याची रीत पाहण्यासारखी असते. तो बाण डोळ्यासमोर आडवा धरतो आणि एक डोळा मिटून टोकापासून खाचेपर्यंत नजर फिरवतो. किंचित बाकही या नजरेतून सुटत नाही. बाक थोडा असेल, तर निखाऱ्यावर तो भाग शेकून, गरम असतानाच हाताने सरळ करता येतो. मग तो बाण कानाशी नेऊन हलकेच वाकवतो. बारीक ‘कर्र’ असा आवाज आला, की त्याची मुद्रा बदलते. “हा नको, पोरा. याच्या पोटात चीर आहे.”

ही चीर डोळ्यांना दिसतेच असे नाही. परंतु दोरी सुटताच सगळा जोर एका क्षणात बाणाच्या मागच्या टोकावर येतो. चिरलेला बाण त्या धक्क्याने मध्येच फुटतो आणि त्याच्या धारदार कामट्या धनुष्य धरलेल्या हातातच घुसतात. म्हणून तीर सोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी तो तपासावयाचा, हा नियम रानातल्या म्हाताऱ्याला ठाऊक असतो, तसाच आजच्या क्रीडांगणावरील शिक्षकालाही.

लांबीचेही तसेच आहे. बाण दोरीला लावून हनुवटीपर्यंत पूर्ण ओढला, तरी त्याचे टोक धनुष्याच्या पुढे दोन-तीन बोटे राहावयास हवे. आखूड बाण ओढताना आत येतो आणि हातावर घसरतो. याउलट वाजवीपेक्षा लांब बाण विनाकारण जड होतो. वडिलांचे बाण मुलाला आणि मुलाचे वडिलांना चालत नाहीत, ते यामुळेच.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. बाण किती ताठ असावा? दोरी तर धनुष्याच्या मधोमध असते. बाण मात्र लाकडाच्या एका अंगाला टेकलेला असतो. मग तो सुटल्यावर बाजूला न जाता सरळ कसा जातो? अनेक शतके तिरंदाजांनी हे नुसते अनुभवाने जाणले होते. १९३० च्या दशकात अमेरिकेतील क्लॅरन्स हिकमन या शास्त्रज्ञाने अतिशय वेगवान छायाचित्रणाने हे कोडे डोळ्यांना दाखविले. दोरीचा धक्का बसताच बाण माशासारखा वळवळतो, धनुष्याच्या लाकडाला वळसा घालतो आणि मग हळूहळू स्थिर होतो. तेव्हा बाणाने वाकले पाहिजे, पण बेताने. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याने बाण धनुष्याच्या डाव्या अंगास लावला असेल, तर फार ताठ बाण डावीकडे जातो आणि फार लवचीक बाण उजवीकडे. जोरकस धनुष्याला ताठ बाण आणि हलक्या धनुष्याला लवचीक बाण, अशी ही जोडी जुळवावी लागते. हिकमनचे नावही न ऐकलेला कातकरी बाण बोटांनी वाकवून नेमके हेच पाहत असे.

वजनाचा विचार याला जोडूनच येतो. हलका बाण वेगाने जातो, पण त्याचा जोर लवकर ओसरतो. जड बाण सावकाश जातो, पण लागल्यावर खोल रुततो. मात्र फारच हलका बाण लावू नये. धनुष्यात साठलेला सगळा जोर त्याला घेऊन जाता येत नाही; उरलेला जोर धनुष्यालाच हादरवतो. बाण न लावता दोरी ओढून सोडणे तर त्याहून वाईट. तसे केल्याने चांगले धनुष्यही मोडते. गंमत म्हणून असे करणाऱ्या मुलांवर जाणते लोक रागावतात, ते उगीच नव्हे.

बाणाच्या मागे पिसे बांधतात. पिसांना वारा अडतो, म्हणून शेपूट मागे राहते आणि टोक पुढे. एका बाणाला एकाच बाजूच्या पंखाची पिसे लावावयाची. डाव्या-उजव्या पंखांची पिसे मिसळली, तर त्यांचे बाक एकमेकांविरुद्ध पडतात. टोके कामाप्रमाणे निराळी असत. पाखरासाठी लाकडाचे बोथट टोक, म्हणजे बाण झाडात रुतून हरवत नसे. मोठ्या जनावरासाठी लोहाराकडून घडवून घेतलेले पोलादी पाते. ते बोथट झाले, तर जनावर मरत नसे, नुसते जखमी होऊन रानात तळमळत राही. चांगला शिकारी याला कमीपणा मानी.

धनुष्यासाठी बांबू निवडावयाचा तोही पारखून. आतून जवळजवळ भरीव असणारा मानवेल बळकट असतो. तो निदान तीन वर्षांचा, पावसाळा सरल्यावर तोडलेला असावा. कोवळ्या, रसाळ बांबूला कीड लवकर लागते. भिल्लांच्या धनुष्याला तर दोरीदेखील पुष्कळदा बांबूच्याच चिवट कामटीची असते.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून करावयाची शिकारही बंद झाली. रानेही आता पूर्वीसारखी राहिली नाहीत, त्यामुळे हा निर्बंध आवश्यकच होता. परंतु ज्यांच्या भाकरीला रानाची जोड होती, त्यांच्या हातचे एक कौशल्य त्यामुळे निरुपयोगी झाले, हेही खरे. ते काही अंशी क्रीडांगणावर टिकून आहे. भारतीय धनुर्विद्येच्या स्पर्धांत बांबूच्या धनुष्याचा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्यात ५० व ३० मीटर अंतरावरील लक्ष्यावर नेम धरतात. २०२३ साली बर्लिन येथे साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे जगज्जेते झाले. त्यांची धनुष्ये कप्प्यांची, बाण आधुनिक धातूंचे वा तंतूंचे. पण तेथेही बाणाचा ताठपणा, लांबी आणि वजन मोजूनच बाण निवडावा लागतो.

पाड्यावरच्या म्हाताऱ्याकडे मोजण्याची साधने नसतात. निवडलेले बाण तो एका बाजूला ठेवतो, पेंढ्याच्या भाऱ्यावर नेम धरण्यासाठी नातवाच्या हाती देतो. नाकारलेला चिरका बाण मात्र तो कुडात परत खोचत नाही. गुडघ्यावर मोडून त्याचे दोन तुकडे करतो आणि चुलीत घालतो. घाईच्या वेळी कोणाच्या हाती तो पुन्हा लागू नये म्हणून.