चेन आणि स्प्रॉकेट बदलताना

इतिहास शिकविणाऱ्या माणसाने स्मरणिकेत मोटारसायकलच्या चेनवर लिहावे, हे काही वाचकांना विसंगत वाटेल. परंतु दिवाळीच्या सुटीनंतर आपल्या वसतिगृहाच्या फाटकाशी ज्या गाड्या येऊन थांबतात, त्यांतील बहुतेक शंभर सीसीच्या जुन्या मोटारसायकली असतात. एका गाडीवर वडील, दोन मुले, पत्र्याची पेटी आणि चिवड्याचा डबा. काही वर्षांपूर्वी अशाच एका गाडीची चेन चढावर उसळून स्प्रॉकेटवरून उतरली, मागचे चाक जागीच अडकले आणि गाडी आडवी झाली. धाकट्याचा उजवा हात कोपरात मोडला. पुढचे दोन महिने तो वर्गात बसून नुसता ऐकत होता. वडिलांनी पंधरा दिवसांपूर्वीच नवी चेन घातली होती. स्प्रॉकेटे मात्र जुनीच ठेवली, कारण ‘दात अजून चालतील’ असे गॅरेजमध्ये सांगण्यात आले आणि तेवढेच पैसे वाचले.

त्या गाडीचे मागचे स्प्रॉकेट आम्ही मागून घेतले. आजही ते वर्गातील कपाटात आहे. दहावीचा प्रत्येक विद्यार्थी त्याच्या दातांवरून बोट फिरवितो आणि ते दात कोयत्याच्या टोकासारखे एका बाजूस वाकलेले का, हे त्याला सांगावे लागते.

चेन ‘ताणली गेली’ असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. पोलादी पट्ट्या लांबत नाहीत. प्रत्येक कडीत एक पिन बुशाच्या आत फिरते आणि त्या दोघींमधील धातू कणाकणाने झिजतो. शंभर सीसीच्या गाड्यांना सहसा 428 क्रमांकाची चेन असते. तिच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. एका कडीत मिलिमीटरचा दहावा भाग झिजला तर डोळ्यांना काही दिसत नाही; शंभर कड्यांत मात्र चेन एक सेंटिमीटर लांब होते. म्हणून चेन ओढून ताठ धरावी आणि पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजावे. नव्या चेनमध्ये हे अंतर 254 मिलिमीटर भरते. ते 258-259 च्या घरात गेले, तर ती चेन संपली असे समजावे. मोजपट्टी जवळ नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागील टोकाशी चेन बोटांनी मागे ओढून पाहावी. अर्धा दात उघडा पडला, तरी अर्थ तोच.

लांबलेली चेन दाताच्या मुळाशी बसत नाही, ती वर चढते आणि दाताला आपल्या मापाने झिजविते. अशा झिजलेल्या दातांवर नवी, अचूक मापाची चेन घातली की तिचे रोलर नीट बसत नाहीत. सारा भार एक-दोन दातांवर येतो, चढावर जोर पडताच चेन उसळते. उलट, नव्या स्प्रॉकेटवर जुनी चेन घातली तर ती नव्या दातांची तीच गत करते. पुढच्या लहान स्प्रॉकेटची झीज सर्वांत जलद. समजा पुढे 14 आणि मागे 42 दात आहेत. मागचे एकदा फिरते तेव्हा पुढचे तीनदा फिरते, म्हणजे त्याच्या प्रत्येक दातावर तिप्पट वेळा ओढ बसते. आणि ते झाकणाआड असल्याने कोणी पाहत नाही. तात्पर्य, तिन्ही वस्तू एकाच वेळी बदलाव्यात. बाजारात ‘चेन किट’ म्हणून त्या एकत्रच मिळतात.

या रोलर चेनचा इतिहास सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. अकराव्या शतकात चीनमधील सू सोंग याने कैफेंग येथे उभारलेल्या खगोल-घड्याळात साखळीने गती पोहोचविली जात होती. आजच्या चेनचा घाट मात्र 1880 मधला. मँचेस्टरला स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्ड या स्विस कारागिराने पिनेभोवती बुश आणि बुशाभोवती फिरता रोलर बसविला. मूळ रचना अद्याप तीच आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. दुकानातून निघण्यापूर्वीच नव्या स्प्रॉकेटचे दात जुन्याशी मोजून ताडावेत. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्यावी, इंजिन बंद, चावी खिशात. गिअरची पट्टी काढण्याआधी तिची जागा खडूने खुणावून ठेवावी, नाहीतर नंतर पाय भलतीकडे पडतो. डावे झाकण उघडले की काळा चिखल दिसेल. तो रॉकेलने आणि जुन्या ब्रशाने काढावा. पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट चेन जागेवर असतानाच ढिले करावेत. एकाने मागचा ब्रेक दाबून धरावयाचा, दुसऱ्याने पाना लावावयाचा. चेन आधी काढली तर स्प्रॉकेट पान्याबरोबर गरगरा फिरते आणि काम अडते. आमच्या मुलांनी पहिल्या वर्षी नेमके हेच केले होते.

चेन कव्हर व चेन काढल्यावर ब्रेक रॉडचा नट, ड्रमची आधारपट्टी आणि एक्सल सोडवून मागचे चाक बाहेर घ्यावे. ड्रममधील रबरे हाताने दाबून पाहावीत. सैल झाली असतील तर तीही आत्ताच बदलावीत. नव्या स्प्रॉकेटचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडेथोडे आवळावेत. जुनी व नवी चेन शेजारी पसरून कड्या मोजाव्यात. जोडाची दोन्ही टोके मागच्या स्प्रॉकेटच्या दातांवर आणून ठेवली, की ती आपोआप धरली जातात आणि लॉक बसविणे सोपे होते.

लॉकविषयी मुलांना आम्ही मासळीची खूण सांगतो. लॉक माशासारखा दिसतो. त्याचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते तिकडे, फाटलेली शेपटी मागे. उलटे बसविल्यास वाटेत काही लागून तो निसटू शकतो.

ढील खालच्या बाजूस, दोन्ही स्प्रॉकेटांच्या मध्यावर मोजावी. या गाड्यांना साधारण 20 ते 30 मिलिमीटर हालचाल पुरते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडा अंतिम मानावा. चाक हळूहळू फिरवून चेन जेथे सर्वांत घट्ट लागते तेथे हे माप घ्यावे. फार घट्ट चेन गिअरबॉक्सचे बेअरिंग खाते. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्यावरच एक्सल आवळावा. त्यानंतर ब्रेक रॉड, आधारपट्टीचा नट व तिची कॉटर पिन तपासावी आणि पायाने ब्रेक दाबून पाहावा. चेनच्या नादात ब्रेक जोडावयाचा राहून गेलेली गाडी आम्ही पाहिली आहे.

चेन पुसताना वा तेल देताना चाक हातानेच फिरवावे. इंजिन चालू ठेवून चेनला फडके लावणाऱ्याची बोटे क्षणात दातांत जातात. चाकावरील साडी-गार्डही परत बसवावा. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी बंधनकारक केले आहे.

इंजिनातून काढलेले काळे तेल चेनला घालण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यात धातूचा कीस असतो, तो पिन-बुशांना घासत राहतो. 90 नंबरचे गिअर ऑईल रोलरवर थेंब-थेंब सोडावे आणि जास्तीचे पुसून टाकावे. नवी चेन आरंभी थोडी बसते, म्हणून पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर ढील पुन्हा मोजावी. आपल्याकडील पालकांनी सुटीत मुलांना न्यावयास येताना गाडी थोडी लवकर आणली, तर मोजपट्टी आणि मुले दोन्ही तयार असतात.