रानकांदा आणि शेताची हद्द

मार्च महिन्यात द हेगच्या जुन्या बागांत झाडांखाली लहान निळी फुले दिसतात. त्यांचे शास्त्रीय नाव सिला. हे नाव मुळात दुसऱ्याच कांद्याचे. भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या, पांढऱ्या फुलांच्या रानकांद्याला प्राचीन ग्रीक लोक स्किला म्हणत, आणि १७५३ साली लिनियसने त्यालाही सिलांतच बसवले. पुढे शास्त्रज्ञांनी त्याला वेगळे काढून द्रिमिया हे नाव दिले. हिब्रूत तो 'हत्साव'.

हत्सावची रीत उलटी. उन्हाळाभर एक पान नाही. उन्हाळा सरताना, रोश हशाना म्हणजे आपला नव्याचा सण जवळ आला की, इस्राएलात कोरड्या जमिनीतून छातीएवढा दांडा वर येतो आणि फुलतो. पाने येतात ती पुढे पाऊस पडल्यावर.

तालमूदातील बाबा बात्रा या भागात सांगितले आहे की, यहोशवाने देशाच्या हद्दी याच झाडाने आखल्या. राशी त्याचे कारण देतात: मुळे सरळ खाली जातात, बाजूला पसरत नाहीत. शेजाऱ्याच्या मातीतले काही घेत नाहीत, असे म्हणा ना. शिवाय कांदा विषारी, म्हणून गुरे तोंड लावत नाहीत. हद्दीचा दगड रात्रीतून सरकवता येतो. खोल रुतलेल्या कांद्यांची ओळ सरकवणे तितके सोपे नाही. शेजाऱ्याची हद्द सरकवू नये, ही आज्ञा दबारीमच्या १९ व्या अध्यायात आहे.

कोकणात याचाच भाऊबंद आहे. त्याला रानकांदा किंवा कोळकांदा म्हणतात; वैद्य वनपलांडू म्हणतात. तोही पावसाआधी, पानांवाचून फुलतो, पण फुले मळकट, सहज नजरेत न भरणारी. खोकल्यावर वैद्य तो अगदी थोडा देत. घरी कोणी प्रयोग करू नये. त्याचा परिणाम थेट हृदयावर होतो.

अलिबाग, पेण, रेवदंडा या भागात तेलाच्या घाण्यांबरोबर बेने इस्राएल कुटुंबांची शेतीही होती. घरे मुंबईला आली, काही परदेशी गेली. काहींची नावे सातबाऱ्यावर राहिली, काहींची गेली. बांध कुठून कुठवर होता, हे बहुतेक घरांत आता वडीलधाऱ्यांनाच ठाऊक आहे.

अभ्यास: आजी-आजोबांना विचारा, आपल्या शेताच्या हद्दीवर काय होते? दगड, निवडुंग, की एखादे झाड? पलीकडचे शेत कोणाचे होते? उत्तर मराठीत लिहा आणि सोबत शेताचा नकाशा काढून आणा.