एकाच टॉमकॅटमधले शेजारी

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात अनेक विभागांची वेब अ‍ॅप्लिकेशन्स एकाच टॉमकॅटवर चालतात. चालू असलेल्या सगळ्यांची यादी मला मुखपृष्ठावर आपोआप दाखवायची आहे. पण ‘गेटकॉन्टेक्स्ट’ला शेजारच्या अ‍ॅप्लिकेशनचा मार्ग दिला की ‘नल’ मिळतो. असं का होतं?

उत्तर : टॉमकॅटने हे मुद्दाम तसं ठेवलं आहे. ‘क्रॉसकॉन्टेक्स्ट’ची सेटिंग मुळात ‘फॉल्स’ असते. ती ‘ट्रू’ केली तर शेजारी सापडेल, पण त्याचा मार्ग तुम्हाला आधीच ठाऊक हवा. यादी काही मिळणार नाही. शिवाय त्याच्या सर्व्हलेटकडे थेट विनंत्या पाठवायची वाट उघडेल. ती उघडू नका.

‘वेबअ‍ॅप्स’ फोल्डर वाचणंही भरवशाचं नाही. एखाद्या अ‍ॅप्लिकेशनची एक्सएमएल फाइल ‘कॉन्फ’मध्ये आणि प्रत्यक्ष फोल्डर भलतीकडेच असू शकतं, किंवा फोल्डर जागेवर असूनही अ‍ॅप्लिकेशन सुरूच झालेलं नसू शकतं.

खरी माहिती जावाच्या व्यवस्थापन यंत्रणेकडे, म्हणजे जेएमएक्सकडे असते. टॉमकॅट प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनची एमबीन म्हणून नोंद करतो. जेव्हीएमच्या एमबीन सर्व्हरला ‘वेबमॉड्यूल’ प्रकारच्या सगळ्या नोंदी मागा आणि प्रत्येकीचे ‘पाथ’ व ‘स्टेटनेम’ वाचा. ‘स्टार्टेड’ असेल ते चालू. चार-पाच ओळींत काम होतं.

आता मला मनापासून काळजी वाटते ती सांगतो. हे वाचायला तुमच्या कोडला कुणाची परवानगी लागली नाही. त्याच एमबीनवर ‘स्टॉप’ची क्रियाही असते, म्हणजे एका विभागाचं कोड दुसऱ्याचं अ‍ॅप्लिकेशन बंद पाडू शकतं. क्लासलोडर वेगळे असतात ते लायब्ररींची सरमिसळ टाळण्यासाठी. त्यांना सुरक्षेची भिंत समजू नका. पूर्वी सिक्युरिटी मॅनेजरने असे हात बांधता येत. जावा 17 मध्ये तो कालबाह्य ठरला, जावा 24 मध्ये कायमचा बंद झाला आणि टॉमकॅट 11 ने त्याचा आधार काढून घेतला. म्हणून, ज्यांचं कोड वेगवेगळी माणसं लिहितात त्या विभागांना वेगळा ‘कॅटलिना बेस’, वेगळी प्रोसेस आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा वेगळा वापरकर्ता द्या, असा आग्रह सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडे धरा.

तसं झाल्यावर एका जेव्हीएममधून सगळे दिसणार नाहीत. तेव्हा प्रत्येक टॉमकॅटच्या मॅनेजरचा ‘लिस्ट’ आदेश सर्व्हर सांभाळणाऱ्यांनीच चालवावा. त्यासाठी ‘मॅनेजर-स्क्रिप्ट’ ही भूमिका लागते. त्यातून निवडलेली नावं साध्या फाइलमध्ये तुमच्या पानाला मिळावीत. चाचणीसाठी टाकलेली अर्धवट अ‍ॅप्लिकेशन्स आणि सेशन्सचे आकडे मात्र त्या फाइलमध्ये येऊ देऊ नका.