आपला कोण, परका कोण? : एकीकरण आणि कल्याणाची वाटणी

दोन-चार राज्ये एकत्र येतात तेव्हा प्रथम काय एकत्र होते? नाणे, टपाल, जकात, न्यायालये. ही कामे कठीण असली तरी कायद्याने होण्याजोगी असतात. कल्याणाच्या वाटणीचे तसे नाही. सरकारी दवाखान्यातील खाट, सरकारी खर्चाने चालणाऱ्या महाविद्यालयातील जागा, रेशनचे धान्य यांची गोष्ट निघाली की प्रत्येक समाज विचारतो, यावर हक्क कोणाचा? यूरोपच्या एकीकरणाचे अभ्यासक गेली काही दशके याच प्रश्नाचा शोध घेत आहेत. परंतु त्यांच्याकडे वळण्यापूर्वी आपण इंदूरकरांनी आपल्याच शहरातला एक खटला पाहावा, हे बरे.

१. इंदूरचा खटला

तुकोगंज हे नावच होळकरशाहीची आठवण देणारे आहे. त्या संस्थानाच्या दृष्टीने ग्वाल्हेरचा माणूस परक्या राज्यातला होता. २८ मे १९४८ रोजी होळकर, शिंदे आणि माळव्यातील इतर लहानमोठी संस्थाने मिळून मध्यभारत संघ झाला. ग्वाल्हेरचे महाराज राजप्रमुख आणि इंदूरचे महाराज उपराजप्रमुख झाले. राजधानीचा वाद मिटावा म्हणून सरकार काही महिने ग्वाल्हेरला आणि काही महिने इंदूरला बसू लागले. काल परका असलेला ग्वाल्हेरचा विद्यार्थी अशा रीतीने इंदूरच्या महाविद्यालयाला ‘आपला’ झाला.

मात्र ‘आपला’ या शब्दाचे नवे कुंपण लगेच उभे राहिले. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्यभारताच्या खऱ्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती. बाहेरच्यांना मात्र ती भरावी लागे : सरकारने नेमून पाठवलेल्यांना १,३०० रुपये आणि इतरांना १,५०० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. १९५२ साली प्रवेश घेतलेल्या दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने या नियमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. डी. पी. जोशी विरुद्ध मध्यभारत राज्य या नावाने हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे.

न्यायालयाने १९५५ च्या जानेवारीत निकाल दिला. पाचांपैकी चार न्यायाधीशांनी नियम वैध ठरवला. त्यांच्या युक्तिवादाचे दोन भाग आहेत. पहिला असा की, घटनेचा पंधरावा अनुच्छेद जन्मस्थानावरून भेदभाव करू नये असे सांगतो. रहिवास ही निराळी गोष्ट आहे. दुसरा असा की, वैद्यकीय महाविद्यालय चालवणे खर्चाचे काम आहे. राज्य तो खर्च करते, तेव्हा त्याचा लाभ काही अंशी तरी राज्याला परत मिळावा, अशी अपेक्षा ठेवणे गैर नाही. येथले विद्यार्थी शिकून येथेच दवाखाने काढण्याचा संभव अधिक. न्यायमूर्ती जगन्नाथदास यांनी मात्र असहमती नोंदवली. भारताचे नागरिकत्व एक असताना एकेका राज्याचा वेगळा अधिवास कोठून आणायचा, ही त्यांची शंका होती.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मुळात बाहेरचा असलेल्या नागरिकालाही मध्यभारतात अधिवास करून पाच वर्षे राहिल्यावर ‘रहिवासी’ होता येत होते. कुंपणाला फाटक होते. ते उघडायला वेळ लागे, इतकेच. दुसरे असे की, निकालानंतर दोन वर्षेही झाली नाहीत तोच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मध्यभारत हे राज्यच नाहीसे झाले. निकालाच्या दिवशी भोपाळचा विद्यार्थी इंदूरला परका होता. नव्या मध्यप्रदेशात तो ‘आपला’ झाला, आणि भोपाळ आपली राजधानी झाली. याचा अर्थ असा की, ‘आपण’ची सीमा निसर्गाने आखलेली नसते. ती राज्यरचना आखते. लोक काही काळात तिला सरावतात आणि मग ती पूर्वापार असल्याप्रमाणे तिच्यासाठी भांडतात.

२. यूरोपात तेच

१९५७ च्या रोम करारान्वये सहा देशांनी समाईक बाजारपेठ उभारली. कामगाराला दुसऱ्या देशात जाऊन काम करण्याची मुभा मिळाली, आणि त्याचे पेन्शन व विमा सीमेवर अडू नयेत यासाठी १९५८ मध्येच नियम झाले. पण मुभा कामगाराला होती. जो कामगार नाही, त्याचे काय?

बेल्जममधील लिएज शहरात चित्रकथेची कला शिकायला गेलेल्या एका फ्रेंच विद्यार्थिनीला परदेशी म्हणून जादा शुल्क मागण्यात आले. इंदूरच्या खटल्यासारखीच ही वस्तुस्थिती. १९८५ मध्ये यूरोपीय न्यायालयाने निकाल मात्र उलट दिला : व्यवसायशिक्षणात राष्ट्रीयत्वावरून असे शुल्क घेता येणार नाही. पुढे फ्रान्समधील विद्यार्थी मोठ्या संख्येने बेल्जमच्या फ्रेंचभाषक भागात वैद्यकाशी संबंधित अभ्यासक्रमांना येऊ लागले. तेव्हा २००६ मध्ये तेथे काही अभ्यासक्रमांत बाहेरच्या रहिवाशांसाठी तीस टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. शब्द पाहा : ‘परदेशी’ गेला, ‘बाहेरचे रहिवासी’ आले. इंदूरच्या खटल्यातील जन्म आणि रहिवास यांचाच हा भेद. २०१० मध्ये न्यायालयाने हे आडमार्गाने राष्ट्रीयत्वावरूनच भेद करणे आहे असे म्हटले. तथापि सार्वजनिक आरोग्यासाठी ते आवश्यक असल्याचे सिद्ध झाले तर चालेल, असेही सांगितले. तत्पूर्वी, २००८ मध्ये, विद्यार्थ्यांच्या निर्वाहभत्त्यासाठी पाच वर्षांच्या रहिवासाची अट याच न्यायालयाने मान्य केली होती. मध्यभारताच्या नियमातही पाचच वर्षे होती, हा योगायोग लक्षणीय आहे.

प्रश्न न्यायालयापुरता राहिला नाही. २००४ मध्ये दहा नवे देश यूरोपीय संघात आल्यावर ब्रिटनमध्ये पूर्वेकडून पुष्कळ कामगार आले. २०१६ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश सरकारने नव्याने येणाऱ्यांचे काही कामगार-भत्ते चार वर्षांपर्यंत मर्यादित करण्याची सवलत संघाकडून मिळवली. लोकांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सुमारे ५२ टक्के मतदारांनी संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला. त्यामागे अन्य कारणेही होती. पण कल्याणाच्या वाटणीचा वाद प्रचारात सतत गाजत होता.

३. लोक काय म्हणतात?

लोक स्वार्थी असतात, परक्याला काहीच देऊ इच्छीत नाहीत, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. संशोधन तसे सांगत नाही. २००८ मध्ये यूरोपीय सामाजिक सर्वेक्षणात अनेक देशांतील लोकांना विचारले गेले की, बाहेरून राहायला आलेल्यांना येथल्यांइतकेच सामाजिक लाभ केव्हा मिळावेत? उत्तरे पाच होती : येताक्षणी, एक वर्ष राहिल्यावर, किमान एक वर्ष काम करून कर भरल्यावर, नागरिक झाल्यावर, कधीच नाही. सर्वसाधारणपणे सर्वाधिक पसंती तिसऱ्या उत्तराला मिळाली. ‘कधीच नाही’ म्हणणारे बहुतेक ठिकाणी थोडे होते.

डच समाजशास्त्रज्ञ विम व्हान ओर्सखोट यांनी २००० साली लोकांच्या मनातील पात्रतेच्या पाच कसोट्या मांडल्या. माणसाची अडचण त्याच्या हाताबाहेरची आहे का? त्याची वृत्ती कृतज्ञतेची आहे का? त्याने काही दिले आहे का, पुढे देईल का? तो आपल्यातला आहे का? आणि त्याची गरज किती? इंदूरच्या निकालातील ‘राज्य खर्च करते, विद्यार्थी येथेच सेवा करील’ हा विचार म्हणजे तिसरी कसोटी होय. न्यायाधीश आणि सामान्य माणूस येथे एकाच पद्धतीने विचार करतात.

४. आपल्यापुढील प्रश्न

आज आपण कोठे आहोत? १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतात अधिवास एकच, असे बजावले, तरी एम.बी.बी.एस.च्या काही जागा रहिवाशांसाठी ठेवण्यास मुभा दिली. २०२५ च्या जानेवारीत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणातील रहिवासावर आधारलेले आरक्षण घटनाबाह्य ठरले. धान्याच्या बाबतीत आपण अधिक पुढे गेलो आहोत. २०१९ मध्ये काही राज्यांत सुरू झालेली ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. बिहारच्या मजुराने इंदूरच्या दुकानातून धान्य घ्यावे, त्याला कोणी पाच वर्षांचा हिशेब विचारू नये, हे तत्त्व आपण स्वीकारले.

या दोन व्यवस्था शेजारी ठेवल्या म्हणजे एक उत्तर दिसू लागते. लाभ जितका जीवनावश्यक, तितकी अट कमी असावी; लाभ जितका खर्चिक आणि दीर्घ मुदतीचा, तितकी संबंधाची अपेक्षा समजण्यासारखी. भूक आणि आजार यांना रहिवासाचा दाखला मागू नये. अनुदानित पदवीसाठी तो मागितला तरी फाटक उघडे आणि प्रतीक्षा मर्यादित असावी. कारण अटीचा फटका बहुधा ज्याने काही दिले नाही त्याला बसत नाही. ज्याला दिल्याचा कागद दाखवता येत नाही त्याला बसतो. बांधकामावरचा मजूर घाम गाळतो आणि विकत घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर कर भरतो. त्याच्याजवळ भाडेपावती मात्र नसते.

आपल्या मराठी घरांनाही हे परके नाही. इंदूरच्या मुलाची मातृभाषा मराठी असली तरी महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्यासाठी सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. पुण्याच्या राज्य कोट्यातील जागेपुढे त्याची भाषा उपयोगी पडत नाही. आणि बदलीच्या नोकरीतील कुटुंबाचा मुलगा कधीकधी कोणत्याच राज्याचा पुरता ‘रहिवासी’ ठरत नाही.

समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना येथे एक सोपा अभ्यासविषय आहे. वर दिलेला पाच उत्तरांचा प्रश्न घ्यावा, ‘परदेश’ऐवजी ‘दुसरे राज्य’ असे लिहावे, आणि तुकोगंजातील शंभर घरे व एखाद्या मजूरवस्तीतील शंभर घरे गाठावीत. प्रश्न तीनदा विचारावा : एकदा धान्याबद्दल, एकदा दवाखान्याबद्दल, एकदा महाविद्यालयातील जागेबद्दल. तिन्हींची उत्तरे सारखी येतात की वेगळी, यावरून वर सुचवलेली पायरी लोकांना मान्य आहे की नाही, हे ताडून पाहता येईल.